मापासाठी उभा केलेला माणूस

नदीच्या पात्रात अर्धवट उभा राहिलेला दगडी खांब, त्यावर टेकलेले लोखंडी तुळईचे टोक, आणि खांबाच्या पायथ्याशी हात सरळ सोडून उभा असलेला एक माणूस. अंगावर धोतर, डोक्याला मुंडासे, पाय अनवाणी. मुलूख निजामाचा असो की मुंबई इलाख्यातला, विसाव्या शतकाच्या आरंभीच्या बांधकामांच्या छायाचित्रांत हा माणूस पुन्हा पुन्हा भेटतो. तो तिथे सहज आलेला नसतो. खांब किती उंच आहे हे पाहणाऱ्याला कळावे म्हणून त्याला मुद्दाम उभे केलेले असते. आज जिथे मोजपट्टी ठेवतात तिथे तेव्हा माणूस ठेवीत. पुलाच्या गाळ्याची लांबी फुटा-इंचांत लिहून ठेवत, या माणसाचे नाव मात्र लिहीत नसत. नांदेड आणि लातूर या दोन शहरांची जुनी छायाचित्रे कशी पाहावीत, हे या एका माणसाकडे पाहून कळते असे मला वाटते. आज ती आपण आठवणी म्हणून एकमेकांना पाठवतो, पण ज्यांनी ती काढली त्यांच्या लेखी ती हिशेबाची कागदपत्रे होती. पैसा कोणी घातला, कशावर घातला आणि काम झाल्याचे कोणाला दाखवायचे होते, हे तीन प्रश्न विचारून ती वाचली तर मराठवाड्याच्या इतिहासाचा मोठा ऐवज हाती लागतो. ते न विचारता पाहिली तर ती फसवतात.

हिशेब हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. हैदराबाद संस्थानात छायाचित्रणाचा पाया ज्यांनी घातला ते राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) मुळात बांधकाम खात्याचे माणूस होते. रुरकीला शिकून ते इंदूरला एस्टिमेटर आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरीला लागले. इमारतीचा खर्च अंदाजणे आणि तिचा आराखडा काढणे हे त्यांचे काम होते, कॅमेरा नंतर आला. सहाव्या निजामाच्या पदरी राहून त्यांनी आणि त्यांच्या स्टुडिओने राजवाडे, शिकारी आणि दरबार टिपले, तसेच दुष्काळातील मदतकार्यही टिपले. १८९८ मध्ये ए. सी. कॅम्पबेल यांनी संस्थानाचा सहाशेहून अधिक चित्रांचा ग्रंथ काढला. १९१४ मध्ये गुलाम यझदानी यांच्या हाताखाली पुरातत्त्व खाते उभे राहिले आणि त्याच्या वार्षिक अहवालांत छायाचित्रांची पाने येऊ लागली. १९२९ आणि १९३४ मध्ये कृष्णस्वामी मुदिराज यांनी ‘पिक्टोरियल हैदराबाद’चे दोन खंड प्रसिद्ध केले. काचेच्या पट्ट्या, लाकडी तिपाई आणि जड कॅमेरा घेऊन गावोगाव फिरणे हे खर्चाचे काम होते, आणि तो खर्च करणाऱ्याला त्या बदल्यात काहीतरी हवे असे. सरकारला प्रगतीचा दाखला हवा होता, कंपनीला भागधारकांचा विश्वास हवा होता. गावकऱ्यांना काय हवे आहे हे विचारून यातले एकही चित्र निघालेले नाही.

म्हणून चित्रांचा माग काढायचा तर आधी रुळांचा माग काढावा लागतो, आणि इथे नांदेड व लातूर यांच्या वाटा पार वेगळ्या होतात. नांदेडला रेल्वे आली ती हैदराबादेकडून. हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे ही मीटर गेजची लाइन १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने खुली झाली. सिकंदराबादहून निघून, निजामाबाद ओलांडून, बासरजवळ गोदावरी पार करून ती धर्माबाद, उमरी, मुदखेड, नांदेड, पूर्णा, परभणी, जालना, औरंगाबाद असे करत मनमाडला भारताच्या मोठ्या लाइनला मिळे. १९१२ मध्ये पूर्ण्याहून हिंगोलीला फाटा गेला. नांदेडचे तोंड त्यामुळे राजधानीकडे वळले. अधिकारी, टपाल, कापडाच्या गाठी आणि हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला निघालेले शीख यात्रेकरू या लाइनने ये-जा करू लागले. अर्थात कागदही त्याच दिशेने गेला. स्टेशन, पूल, मालधक्का, कचेऱ्या यांच्या नोंदी हैदराबादेत जमा झाल्या आणि तिथेच राहिल्या.

लातूरची गोष्ट याहून निराळी, आणि मला ती जास्त बोलकी वाटते. लातूर निजामाच्या मुलखात असले तरी त्याला रेल्वे आली ती ब्रिटिश मुलखातून. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये बार्शी रोडहून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून, बार्शीपर्यंत धावू लागली. रूळ अवघे अडीच फूट रुंदीचे. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही आणि तो भार सगळ्या आसांवर सारखा वाटायचा, म्हणजे हलक्या रुळावरूनही भरपूर माल नेता येतो, असे कॅलथ्रॉपचे गणित होते. १९११ मध्ये ही ‘बार्शी लाइट’ लातूरला पोचली. पुढे मिरजेपर्यंतचा मार्ग धरून तिची लांबी सव्वातीनशे किलोमीटरच्या घरात गेली. तिची पहिली इंजिने लीड्सच्या किटसन कारखान्यात बनली, आणि इंग्लंडमधल्या कारखान्यांची रीत अशी की नवे इंजिन ग्राहकाकडे रवाना होण्यापूर्वी त्याला करडा रंग देऊन त्याचे छायाचित्र काढायचे. करड्या रंगावर प्रत्येक खिळा आणि नळी स्पष्ट उठून दिसे. लातूरच्या बाजारपेठेचा माल ज्या इंजिनांनी ओढला त्यांचे चेहरे असे लातूरच्या मातीची धूळ लागण्याआधीच परदेशात नोंदले गेले. आजही बार्शी लाइटची चित्रे शोधणाऱ्याला हैदराबादपेक्षा इंग्लंडमधल्या रेल्वेप्रेमींच्या संग्रहांत अधिक यश येते. एकाच संस्थानातली, एकाच विभागातली दोन शहरे. पण एकाची छायाचित्रे राजधानीत आणि दुसऱ्याची साता समुद्रापार. ही विभागणी अजूनही पुसलेली नाही. नांदेड दक्षिण मध्य रेल्वेत आहे, तर लातूर मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात.

चित्रे कुठे ठेवली आहेत एवढाच हा प्रश्न नाही. चित्रात काय आले तेही यावरून ठरले. रेल्वेचा कॅमेरा फलाटावर, मालधक्क्यावर, पाण्याच्या टाकीपाशी आणि पुलाच्या काठाशी उभा राहतो. नांदेडला १९२० च्या दशकात उभी राहिलेली उस्मानशाही मिल हे याचे ठळक उदाहरण. सातव्या निजामाचे नाव लावलेली, रेल्वेलगतची ही गिरणी सरकारच्या दृष्टीने दाखवण्याजोगी गोष्ट होती. पण ती तिथेच का, याचे उत्तर गिरणीच्या दर्शनी भागात सापडत नाही. नांदेड-परभणीच्या काळ्या जमिनीतला गावरानी कापूस, तो वेचणाऱ्या बाया, जिनिंगमध्ये सरकी वेगळी करणारे हात, प्रेसमध्ये आवळून बांधलेल्या गाठी आणि त्या डोक्या-पाठीवरून वाघिणीत चढवणारे हमाल, ही साखळी गिरणीच्या आधीची आहे. आवळलेली गाठ वाघिणीत कमी जागा घेते म्हणून प्रेस रुळाजवळ येतो आणि प्रेसच्या आधाराने मोंढा वाढतो. मोंढा हा आपला खास मराठवाडी शब्द. भाव ठरवणारे आडते, तोलणारे मापाडी आणि धान्याच्या राशीजवळ उकिडवे बसलेले कुणबी अशी त्याची खरी वस्ती. सरकारी अल्बमात तिला क्वचित जागा मिळते. लातूरच्या गंजगोलाईचेही तसेच. मधली दुमजली इमारत १९१७ सालची सांगतात, आराखड्याचे श्रेय फैयाजुद्दीन यांना देतात, आणि तिच्याभोवती फुटलेल्या रस्त्यांची चाकासारखी रचना उंचावरून काढलेल्या चित्रात देखणी दिसते. पण एकेका रस्त्यावर एकेका मालाचा बाजार कसा बसला हे उंचावरून दिसत नाही. ते पाहायला कॅमेऱ्याने खाली उतरायला हवे होते, आणि खाली उतरण्याचे पैसे त्याला कोणी दिले नव्हते.

यावर एक आक्षेप लगेच येईल. राज्यकर्त्यांनी आणि कंपन्यांनी स्वतःची पाठ थोपटून घेण्यासाठी ही चित्रे काढली असतील, तर त्यांच्यावर विश्वास ठेवायचाच कशाला? आक्षेपात तथ्य आहे. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळानंतर निजाम सरकारच्या मदतकार्याची जी चित्रे निघाली त्यांत कामावर लागलेली माणसे दिसतात, अन्न वाटले जाताना दिसते. कामापर्यंत पोचू न शकलेला माणूस दिसत नाही, कारण त्याच्या घरापर्यंत कॅमेरा गेला नाही. पण व्यापाऱ्याच्या खतावणीचा विचार करा. आपल्याला नको असलेली बाब तो तिच्यात लिहिणार नाही, परंतु जे लिहील ते शेर-पायलीला चोख लिहील, कारण त्यावर त्याचा व्यवहार चालतो. या छायाचित्रांचा पक्षपात निवडीत आहे. जे निवडले त्याच्या मापात तो फारसा नाही. पुलाला किती गाळे, छपराला पत्रा की कौले, फलाट मातीचा की फरशीचा, घाटावर पाणी कुठवर होते, झाडे कुठे होती, हे पाहायला त्यांच्याइतका भरवशाचा साक्षीदार नाही. शिवाय काचेच्या मोठ्या पट्टीवर एवढा बारकावा मावे की छायाचित्रकाराने ज्याकडे पाहिलेही नाही ते कडेला येऊन बसे. झाकण उघडे असताना जो हलला तो धुरकट झाला, जो स्थिर राहिला तो कायमचा उमटला. साहेबाच्या मागे छत्री धरणारा पोरगा, मालधक्क्याच्या सावलीत टेकलेली बाई, बैलांना वैरण घालणारा गाडीवान यांना कोणी बोलावले नव्हते, तरी ते आले. चित्राच्या मधोमध मालकाचा हिशेब असतो, म्हणून इतिहास शोधणाऱ्याने नजर कडांवर ठेवावी.

दुसरा आक्षेप मराठवाड्यात अधिक जिव्हाळ्याचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. निजामाच्या गिरण्या, स्टेशने आणि १९३२ मध्ये सत्तावीस गाड्यांनी सुरू झालेली त्याची बससेवा यांची चित्रे कौतुकाने दाखवली की त्या राजवटीचे उदात्तीकरण होते, रझाकारांचे अत्याचार सोसलेल्या पिढीच्या दुःखावर पडदा पडतो, असे अनेकांना मनापासून वाटते. कौतुकाची चित्रे म्हणूनच ती पाहिली तर हा धोका खरा आहे. पण हिशेब म्हणून पाहिली तर उलटेच घडते. गोदावरी व्हॅलीच्या लाइनवरचे उमरी हे गाव घ्या. रेल्वे आली, कापसाचा बाजार वाढला आणि हैदराबाद स्टेट बँकेची शाखा आली. ही राजवटीच्या प्रगतीची कहाणी म्हणून सांगता येते. त्याच बँकेवर ३० जानेवारी १९४८ रोजी हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांनी छापा घातला आणि मिळालेली लाखोंची रक्कम लढ्याच्या कामासाठी स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील संघटनेकडे सुपूर्द केली. शेतकऱ्याच्या कापसातून आलेला पैसा कोणाच्या तिजोरीत जमा होत होता, हे कळल्याशिवाय त्या छाप्याचा अर्थ पुरता लागत नाही. आणि ते समजायला स्टेशन, प्रेस आणि बँक एकाच नकाशावर दाखवणारी चित्रेच उपयोगी पडतात. ती नजरेआड केली तर आपल्याच लढ्याची पार्श्वभूमी आपण पुसून टाकतो.

तिसरा आक्षेप साधा आहे. आपल्या गावाच्या प्रेमापोटी लोक जुनी चित्रे एकमेकांना पाठवतात, त्यांच्याखाली साल-ठिकाण नसले म्हणून काय बिघडले? बिघडते ते असे. निजामाच्या कचेरीत फसली साल चाले आणि शिलालेखांवर बहुधा हिजरी साल येई. समजा एखाद्या चित्रामागे उर्दूत नुसते १३३० लिहिले आहे. ते हिजरी असेल तर चित्र १९१२ च्या सुमाराचे. फसली असेल तर त्यात ५९० मिळवायचे, म्हणजे १९२०-२१. मधली आठ-नऊ वर्षे किरकोळ नाहीत. पहिले महायुद्ध, १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ आणि कापसाच्या भावातली मोठी उलथापालथ त्यांत सामावली आहे. गावांच्या नावांचेही तसेच. इंग्रजी गॅझेटियरात नांदेड हे ‘नांदेर’ असते, अंबाजोगाई हे मोमिनाबाद असते. लातूर स्वतंत्र जिल्हा झाले ते १९८२ मध्ये. त्याआधी ते उस्मानाबाद जिल्ह्यात होते, आणि त्या जिल्ह्याचे त्याहून जुने नाव नळदुर्ग. आजच्या नावाने शोधणाऱ्याला म्हणूनच काही सापडत नाही आणि ‘लातूरचा जुना फोटोच नाही’ असा समज पसरतो. भरीस भर म्हणून काचेची पट्टी उलटी छापली गेली तर डावे उजवे होते. पाटीवरची अक्षरे पाहूनच ते ध्यानात येते. त्या काळची रसायने लाल-केशरी प्रकाशाला जवळजवळ आंधळी होती. त्यामुळे गुरुद्वाऱ्यावरचे केशरी निशाण चित्रात काळपट दिसते आणि निळे आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे. आज संगणकावर रंग भरून जी ‘जिवंत’ चित्रे फिरवली जातात त्यांतले रंग अंदाजाचे असतात, आणि तो अंदाज बघता बघता पुरावा होऊन बसतो. रंग भरण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती मूळ काळे-पांढरे चित्र, त्याची पाठ आणि त्यावरचे हस्ताक्षर कापून टाकण्याला. पाठीवरचा शिक्का, टीप, फाइलचा क्रमांक हा त्या हिशेबाच्या कागदाचा अर्धा भाग आहे.

नुकसान किती झाले आहे याचीही जाणीव हवी. १९५६ मध्ये हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले. मराठवाडा मुंबई राज्यात आला, पण संस्थानाचे दप्तर हैदराबादेतच राहिले. तारनाक्याच्या अभिलेखागारातली ती फारसी, उर्दू आणि इंग्रजी कागदपत्रे वाचू शकणारी मराठी माणसे दर पिढीला कमी होत आहेत. दीनदयाळांच्या काचेच्या पट्ट्यांचा मोठा साठा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने जपला हे मोठे काम झाले, परंतु तिथपर्यंत नांदेड-लातूरच्या शाळेतला मुलगा पोचत नाही. घराघरांतल्या चित्रांचे काय झाले? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंपाने दगड-मातीच्या भिंती कोसळल्या, हजारो माणसे गेली. त्या माणसांबरोबर भिंतीवरच्या तसबिरी, ट्रंकेतली लग्नाची चित्रे, शाळेचे गट-फोटोही ढिगाऱ्याखाली गेले. कंपनीच्या इंजिनाचे चित्र परदेशात शाबूत राहिले आणि त्या गाडीने बाजाराला जाणाऱ्या घरांचे चेहरे राहिले नाहीत. सरकारी चित्रे वाचायला शिकणे अपरिहार्य आहे असे मी म्हणतो ते यामुळे. ती चांगली आहेत म्हणून नव्हे. अनेक गावांच्या बाबतीत त्यांच्या कडेला सापडतील तेवढीच माणसे उरली आहेत.

बार्शी लाइट १९५४ मध्ये सरकारच्या ताब्यात आली आणि या शतकाच्या पहिल्या दशकात तिचे अरुंद रूळ जाऊन रुंद रूळ आले. एप्रिल २०१६ मध्ये, दुष्काळात, मिरजेहून पंढरपूर-कुर्डुवाडीमार्गे पाण्याची गाडी लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. म्हणजे १९११ मध्ये लातूरचा माल बाहेर काढणाऱ्या वाटेनेच आता लातूरला पाणी आणले. त्या गाडीची छायाचित्रे देशभर छापली गेली. त्यांतल्या वाघिणी मोजता येतात, क्षमता सांगता येते. शंभर वर्षांनी ती पाहणाऱ्यालाही कडेलाच शोधावे लागेल: नळी जोडणारा गँगमन कोण होता, कुंपणापलीकडे घागर घेऊन कोण उभे होते. दुष्काळी कामाच्या अल्बमासमोर आपण आज उभे आहोत तिथेच तो उभा असेल. फरक एवढाच की हे चित्र आपल्या डोळ्यांदेखत निघाले आहे आणि त्याच्या पाठीवर नावे लिहायला अजून वेळ गेलेली नाही.

खांबाशी उभ्या असलेल्या त्या पहिल्या माणसाचे नाव मिळेल का? बांधकामावर रोजंदारीचा हजेरीपट ठेवण्याची पद्धत होती. नाव, दिवस, मजुरी, आणि सही येत नसेल तर अंगठा. हजेरीपटात नाव असते, चेहरा नसतो. छायाचित्रात चेहरा असतो, नाव नसते. दोन्ही कागद एकाच कामाचे, एकाच कचेरीतून निघालेले, आणि पुढे वेगवेगळ्या कपाटांत गेलेले. नांदेड आणि लातूरच्या इतिहासाचे विद्यार्थी उर्दू शिकून, फसली साल मोजून ते एका टेबलावर आणतील, तर निदान एखाद्या पुलापाशी त्या माणसाला नावाने हाक मारता येईल.